रंगांचा हिशेब मांडणारे मॅक्सवेल

एडिनबरो शहरातील इंडिया स्ट्रीट या रस्त्यावर १४ क्रमांकाचे एक दगडी घर आजही उभे आहे. १३ जून १८३१ रोजी त्या घरात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा जन्म झाला. वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांना एकाच सिद्धांतात गुंफणारे शास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या पंक्तीत त्यांचे नाव घेतले जाते. या कीर्तीच्या झगमगाटात त्यांचे एक कार्य मात्र काहीसे मागे पडले. रंग म्हणजे काय आणि तो मोजावा कसा, या प्रश्नाचा ध्यास त्यांनी विद्यार्थिदशेत घेतला आणि पुढे अनेक वर्षे सोडला नाही. आज हाताहातांत असलेल्या मोबाइलचा कॅमेरा ज्या रीतीने रंग टिपतो, त्या रीतीचे तत्त्व मॅक्सवेल यांनी १८५५ साली कागदावर मांडले आणि १८६१ साली लंडनमध्ये पडद्यावर दाखवले. ते प्रात्यक्षिक यशस्वी झाले खरे. पण ते नेमके कशामुळे यशस्वी झाले, हे उमगायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

जेम्सचे वडील जॉन क्लार्क मॅक्सवेल हे वकील होते. पण वकिलीपेक्षा यंत्रे, कारखाने आणि शेतीतील सुधारणा यांतच त्यांचे मन अधिक रमे. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात, गॅलोवे प्रांतात त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. तेथे त्यांनी ग्लेनलेअर नावाचे घर बांधले आणि जेम्सचे बालपण तेथेच ओढ्याकाठी, शेतशिवारात गेले. घरातल्या घंटेची तार कुठून कुठे जाते, कुलूप कसे उघडते, ओढ्याचे पाणी कुठल्या वाटेने येते, याची चौकशी करून तो मोठ्यांना भंडावून सोडी. मोघम उत्तराने त्याचे समाधान होत नसे. गोष्ट नेमकी कशी चालते, हे कळेपर्यंत तो पिच्छा पुरवी. आई फ्रान्सिस हीच त्याची पहिली शिक्षिका. १८३९ च्या डिसेंबरात पोटाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा जेम्स आठ वर्षांचा होता.

आईमागे त्याला शिकवायला ठेवलेला तरुण शिक्षक मारकुटा निघाला. अखेर नातलगांनी मध्ये पडून मुलाला एडिनबरोला आत्याकडे नेले आणि १८४१ साली त्याचे नाव एडिनबरो अकॅडमीत घातले. वडिलांनी स्वतः बेतलेला अंगरखा आणि चौकोनी टोकाचे बूट घालून, खेडवळ गॅलोवे वळणाची भाषा बोलणारा हा मुलगा वर्गात येताच शहरी पोरांच्या थट्टेचा विषय झाला. त्यांनी त्याला वेडपट ठरवले आणि तशाच अर्थाचे टोपणनावही चिकटवले. हा वेडपट चौदाव्या वर्षी सुतळी, टाचण्या आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने अंडाकृती वक्र काढण्याची नवी पद्धत शोधून बसला. त्याला हा छंद लागला तो डेव्हिड रॅमसे हे या एडिनबरोच्या सजावटकार कलावंतामुळे. हे यांना नक्षीकामासाठी असे आकार हवे होते. मुलाचा निबंध १८४६ साली एडिनबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. तो वाचला प्राध्यापक जेम्स फोर्ब्स यांनी, कारण एवढ्या लहान मुलाने त्या सभेपुढे उभे राहणे रीतीला धरून नव्हते. फोर्ब्स आणि हे या दोघांचीही गाठ त्याला पुढे रंगांच्या वाटेवर पडणार होती.

१८४७ साली जेम्स एडिनबरो विद्यापीठात दाखल झाला. फोर्ब्स तेथे भौतिकशास्त्र शिकवत. १८४९ च्या सुमारास ते रंगांवर एक प्रयोग करीत होते. रंगीत कागदाचे तुकडे तबकडीवर बसवून ती वेगाने फिरवली की डोळ्याला वेगवेगळे तुकडे दिसेनासे होतात आणि त्यांचा मिळून एकच रंग दिसतो. चित्रकारांच्या परंपरेनुसार तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. तेव्हा हे तीन मिळून करडा रंग यावा, अशी फोर्ब्स यांची अपेक्षा होती. काही केल्या तो येईना. निळा आणि पिवळा एकत्र फिरवला तर हिरवा दिसावा, असे कोणीही सांगेल. तबकडीवर दिसे तो किंचित गुलाबी झाक असलेला फिका रंग. या प्रयोगांत फोर्ब्स यांना मदत करणारा विद्यार्थी होता जेम्स.

या कोड्याचे उत्तर असे. रंगपेटीतील निळी भुकटी प्रकाशातला तांबडा आणि पिवळा भाग गिळून टाकते, पिवळी भुकटी निळा भाग गिळते. दोन्ही कालवल्या की दोघींच्या तावडीतून सुटतो तो फक्त हिरवा. म्हणजे चित्रकाराच्या मिश्रणात प्रकाश वजा होत जातो. फिरत्या तबकडीवर मात्र दोन्ही कागदांवरचा प्रकाश डोळ्यात पोहोचतो आणि त्यांची बेरीज होते. वजाबाकी आणि बेरीज या दोन क्रिया वेगळ्या, म्हणून उत्तरेही वेगळी. जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ साली हा भेद स्पष्ट केला. मॅक्सवेल स्वतःच्या प्रयोगांतून याच निष्कर्षाला आले आणि त्यांनी तबकडीवरचे मूळ रंग बदलले. पिवळ्याला रजा मिळाली. त्याच्या जागी हिरवा आला. तांबडा, हिरवा आणि निळा ही तिकडी येथून पुढे त्यांच्या कामाचा पाया झाली.

१८५० साली मॅक्सवेल केंब्रिजला गेले आणि १८५४ साली गणिताच्या मानाच्या परीक्षेत दुसरे आले. परीक्षेचा जाच संपताच त्यांनी रंगांचे काम पुन्हा हाती घेतले. आता त्यांनी एक खास भोवरा करवून घेतला. त्याच्या वरच्या तबकडीच्या कडेवर शंभर भाग आखलेले होते. हिंगुळी तांबडा, पाचूसारखा हिरवा आणि अल्ट्रामरीन निळा अशा तीन रंगांच्या कागदी चकत्यांना मध्यापासून कडेपर्यंत चीर दिलेली असे. त्यामुळे त्या एकमेकींत सरकवून प्रत्येक रंगाचा किती भाग उघडा ठेवायचा, हे हवे तसे ठरवता येई. यांच्यावर मध्यभागी काळ्या आणि पांढऱ्या कागदाच्या लहान चकत्या बसवलेल्या असत. भोवरा फिरला की बाहेर तीन रंगांचे मिळून एक कडे दिसे आणि आत काळ्या-पांढऱ्याचा करडा. दोन्ही अगदी सारखे दिसेपर्यंत चकत्या सरकवायच्या आणि मग कडेवरचे आकडे वाचायचे. या कामाला लागणारे रंगीत कागद पुरवले ते त्याच डेव्हिड रॅमसे हे यांनी.

अशा एका मापनात ३७ भाग हिंगुळी, २७ भाग निळा आणि ३६ भाग हिरवा मिळून जो रंग झाला, तो २८ भाग पांढरा आणि ७२ भाग काळा यांच्या मिश्रणाशी तंतोतंत जुळला. वाचायला साधी वाटणारी ही ओळ विज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. रंग ही तोवर आवडीनिवडीची, वर्णनाची, कवींची आणि चित्रकारांची बाब होती. मॅक्सवेल यांनी त्याचे समीकरण मांडले. एका बाजूचे पद दुसरीकडे न्यावे, दोन समीकरणांची बेरीज करावी, नव्या मिश्रणाचे भाकीत करावे आणि भोवरा फिरवून ते पडताळावे, असे सारे बीजगणिताचे व्यवहार आता रंगांच्या बाबतीत शक्य झाले. निरोगी दृष्टीच्या अनेक माणसांना त्यांनी भोव्ऱ्यापुढे बसवले आणि त्यांचे आकडे एकमेकांशी फार जवळून जुळले. दिवसाच्या उजेडात जुळलेले रंग गॅसच्या दिव्याखाली जुळत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले.

याहून खोल गेलेला प्रश्न डोळ्याचा होता. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशी कल्पना मांडली होती की डोळ्यात तीन प्रकारची संवेदने असावीत आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणातून सगळे रंग जाणवत असावेत. पुराव्याअभावी ती कल्पना पडून राहिली होती. मॅक्सवेल यांनी रंगांधळ्या माणसांनाही भोव्ऱ्यापुढे बसवले. त्यांना तीनऐवजी दोनच रंगांत सगळे काही जुळवता येते, असे आकड्यांवरून दिसले. तीनपैकी एक संवेदन त्यांच्यात नाही, असा याचा सरळ अर्थ होता. अशा माणसांना रंग ओळखायला मदत व्हावी म्हणून एक काच तांबडी आणि दुसरी हिरवी असलेला चष्मा वापरून पाहावा, अशी सूचनाही त्यांनी केली. म्हणजे रंगांची तिपेडी घडण प्रकाशात नाही, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. प्रकाशाच्या असंख्य छटा डोळा तीन आकड्यांत आटोपतो. आणि डोळ्याला तीन आकडे पुरत असतील, तर छायाचित्रालाही ते पुरायला हवेत.

हा विचार १८५५ च्या निबंधातच आला आहे. एकाच दृश्याची तीन छायाचित्रे घ्यावीत: एक तांबड्या काचेतून, एक हिरव्या आणि एक निळ्या. तिन्ही चित्रे काळी-पांढरीच असतील. पण पहिले सांगेल की दृश्यात कुठे किती तांबडा प्रकाश आहे, दुसरे हिरव्याचा आणि तिसरे निळ्याचा हिशेब देईल. मग ती तिन्ही त्याच रंगांच्या काचांतून पडद्यावर एकावर एक पाडली की मूळ दृश्याचे रंग डोळ्यापुढे उभे राहतील. रंग न ओळखणाऱ्या पट्टीकडून रंग वदवून घेण्याची ही युक्ती होती. ती लिहिणारा माणूस तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता.

१८५६ साली वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी मॅक्सवेल ॲबरडीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक झाले. शनीची कडी घन नाहीत आणि द्रवही नाहीत. ती असंख्य लहान पिंडांची बनलेली असली पाहिजेत, हे गणिताने दाखवून त्यांनी केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळवले. १८५८ साली कॉलेजच्या प्राचार्यांची कन्या कॅथरिन मेरी डेवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत ॲबरडीनमधील दोन महाविद्यालये एकत्र केली गेली. भौतिकशास्त्राच्या दोन प्राध्यापकांपैकी एकालाच ठेवायचे होते. डेव्हिड थॉमसन यांना ठेवले गेले आणि मॅक्सवेल यांची नोकरी गेली. प्राचार्यांचा जावई असण्याचाही उपयोग झाला नाही. एडिनबरोत फोर्ब्स यांची जागा रिकामी झाली होती. तिच्यासाठी त्यांनी अर्ज केला, पण ती त्यांचे शाळूसोबती टेट यांना मिळाली. त्याच वर्षी मॅक्सवेल देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळले. कॅथरिन यांनी सेवा केली म्हणूनच आपण वाचलो, असे ते मानत. अखेर लंडनच्या किंग्ज कॉलेजने त्यांना बोलावले.

कॅथरिन यांचा वाटा सेवाशुश्रूषेपुरता नव्हता. भोव्ऱ्यावरच्या कागदांना मर्यादा होत्या. एका कारागिराचा हिंगुळी दुसऱ्याच्या हिंगुळीसारखा असेलच असे नाही. म्हणून मॅक्सवेल यांनी कागद बाजूला ठेवून थेट वर्णपटातील शुद्ध रंग वापरायचे ठरवले आणि त्यासाठी रंगपेटी तयार केली. या लांब पेटीत लोलक आणि भिंगे बसवलेली असत. फटींतून वर्णपटाचे हवे तेवढे तीन पट्टे घ्यायचे, त्यांची रुंदी कमीअधिक करीत पांढऱ्या प्रकाशाशी जुळणी साधायची आणि फटींची मापे टिपायची, असे हे काम होते. हजारो वेळा डोळा लावून केलेल्या या निरीक्षणांत एक निरीक्षक मॅक्सवेल स्वतः होते आणि दुसऱ्या कॅथरिन. छापील निबंधात त्या केवळ एका आद्याक्षराने ओळखल्या जातात.

या दोन निरीक्षकांचे आकडे बहुतेक ठिकाणी जुळले; पण हिरव्या आणि निळ्याच्या मधल्या पट्ट्यात त्यांत सातत्याने फरक पडू लागला. चूक म्हणून तो दडपून टाकणे सोपे होते. मॅक्सवेल यांनी त्याचा माग काढला. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पिवळसर रंगद्रव्याचा एक ठिपका असतो आणि तो नेमका त्याच पट्ट्यातला प्रकाश काही अंशी शोषतो. हे द्रव्य माणसागणिक कमीअधिक असते. पतिपत्नीच्या आकड्यांतला फरक या पिवळ्या ठिपक्याचा होता. दोन निरोगी माणसेही एकच रंग अगदी एकसारखा पाहतात असे नाही, ही गोष्ट यातून पुढे आली. या संशोधनासाठी रॉयल सोसायटीने १८६० साली त्यांना रम्फर्ड पदक दिले. पुढे लंडनच्या राहत्या घरी त्यांनी आठेक फूट लांबीची काळी पेटी खिडकीशी मांडली, तेव्हा तासन्‌तास शवपेटीत डोकावणारा हा कोण, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडला, अशी हकिगत त्यांच्या चरित्रात येते.

१७ मे १८६१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान ठरले. विषय होता तीन मूळ रंगांचा सिद्धांत. श्रोत्यांना पटेल असे काही डोळ्यांपुढे मांडायला हवे होते, म्हणून सहा वर्षांपूर्वीची छायाचित्रांची कल्पना त्यांनी बाहेर काढली. छायाचित्रे घेण्याचे काम थॉमस सटन या निष्णात छायाचित्रकाराने केले. चौकटीदार रंगीत रिबिनीची एक गाठ काळ्या मखमलीवर टाचून ती भर उन्हात ठेवली गेली. भिंगापुढे रंगीत द्रावणे होती: निळ्यासाठी अमोनिया घातलेले मोरचुदाचे द्रावण, हिरव्यासाठी तांब्याच्या क्लोराइडचे आणि तांबड्यासाठी लोहाच्या थायोसायनेटचे. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, हिरव्याला जेमतेम आणि तांबड्याला मुळीच नाही. निळ्या द्रावणाआडून ६ सेकंदांत चित्र उमटले. हिरव्यासाठी द्रावण पातळ करून १२ मिनिटे थांबावे लागले, तर तांबड्यासाठी ८ मिनिटे.

व्याख्यानाच्या दिवशी तीन मॅजिक लँटर्न मांडले गेले. मराठी मुलखात पुढे शांबरिक खरोलिका या नावाने ज्या यंत्राचे खेळ गाजले, त्याच जातीचे हे दिवे होते. प्रत्येकापुढे त्याच्या त्याच्या रंगाचे द्रावण ठेवले होते. तिन्ही चित्रे पडद्यावर एकावर एक आली आणि काळ्या-पांढऱ्या काचांतून रंगीत रिबीन प्रकट झाली. छायाचित्रणाच्या इतिहासात पहिले रंगीत छायाचित्र म्हणून सहसा याच चित्राचा उल्लेख होतो. मॅक्सवेल मात्र पूर्ण समाधानी नव्हते. तांबडी आणि हिरवी चित्रे निळ्याइतकी भरघोस उतरली असती तर रंग अस्सल दिसले असते, आणि त्यासाठी अधिक संवेदनक्षम रसायने शोधायला हवीत, असे त्यांनी नमूद केले. त्यानंतर रंगीत छायाचित्रणाकडे ते पुन्हा वळले नाहीत.

येथे एक प्रश्न उरतो. काचपट्टीला तांबडा प्रकाश दिसतच नव्हता, तर ८ मिनिटांत तिच्यावर उमटले काय? शतकभर याचे समाधानकारक उत्तर कोणाजवळ नव्हते. १९६१ साली, प्रात्यक्षिकाच्या शताब्दीच्या निमित्ताने, कोडॅक कंपनीतील राल्फ इव्हान्स यांनी तो प्रयोग त्याच रसायनांनी पुन्हा करून पाहिला. तेव्हा उलगडले ते असे: लोहाचे ते तांबडे द्रावण डोळ्याला न दिसणारे जंबुपार किरणही आरपार जाऊ देत होते. कलोडियन जंबुपार किरणांना उत्तम प्रतिसाद देते. आणि तांबड्या कापडाचे अनेक रंग हे किरणही परावर्तित करतात. म्हणजे तांबड्याचे चित्र म्हणून जे घेतले गेले, ते वस्तुतः जंबुपार किरणांचे चित्र होते आणि योगायोगाने ते तांबड्याच्या जागी चपखल बसले. सिद्धांत बरोबर होता. पण त्या दिवशीची साक्ष वेगळ्याच साक्षीदाराने दिली होती. मॅक्सवेल यांना किंवा सटन यांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. सिद्धांताची सत्यता त्या एका संध्याकाळवर अवलंबून नव्हती. भोवरा आणि रंगपेटी यांच्या आकड्यांनी ती आधीच सिद्ध केलेली होती.

जी उणीव मॅक्सवेल यांनी बोलून दाखवली, ती इतरांनी भरून काढली. १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी पट्टीच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून तिला हिरव्या प्रकाशालाही संवेदनक्षम केले. पुढे तांबड्याचीही सोय झाली. तीन वेगळी छायाचित्रे घेण्याची कटकट मात्र शिल्लक होती. मधल्या काळात पान हलले, माणसाने मान वळवली, तरी रंगांच्या कडा फुटत. ज्यांच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, त्या ल्युमिएर बंधूंनी यावर तोड काढली. १९०७ साली त्यांनी बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम पट्टीवर बटाट्याच्या पिठाचे नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली रंगीत काच. तीन पट्ट्यांचे काम एकाच पट्टीवर, शेजारी शेजारी होऊ लागले.

डिजिटल कॅमेऱ्याची घडण याच वाटेने पुढे गेली. त्याच्या संवेदकात सिलिकॉनच्या पृष्ठावर लाखो सूक्ष्म घरे असतात. प्रकाशाचा कण घरात शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. जितका प्रकाश अधिक, तितका विद्युतभार अधिक साठतो. पण मोकळा झालेला इलेक्ट्रॉन तांबड्या प्रकाशाने सुटला की निळ्या, हे त्याच्यावर लिहिलेले नसते. सिलिकॉन फक्त मोजते. रंगांच्या बाबतीत ते कलोडियनच्या पट्टीइतकेच आंधळे आहे. म्हणून प्रत्येक घरावर एक रंगीत गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधील संशोधक ब्राइस बायर यांनी या गाळण्यांची जी मांडणी सुचवली, तिला १९७६ साली अमेरिकेत एकस्व मिळाले. तिच्यात दर चार घरांमागे दोन हिरवी, एक तांबडे आणि एक निळे असते. हिरव्याला दुप्पट जागा देण्याचे कारण पुन्हा डोळ्यातच आहे: प्रकाशाची कमीअधिक तीव्रता आणि बारीक तपशील माणसाचा डोळा मुख्यतः वर्णपटाच्या हिरव्या भागातून टिपतो.

अशा रीतीने प्रत्येक घराला तीनपैकी एकच आकडा खरा मिळतो. उरलेले दोन आकडे शेजारच्या घरांवरून गणिताने अनुमानले जातात. छायाचित्रातील दोन तृतीयांश रंगमाहिती ही अशी अनुमानित असते. बारीक वीण असलेल्या साडीच्या किंवा सदऱ्याच्या छायाचित्रात कधी नसलेले रंगीत पट्टे उमटतात, ते हे अनुमान फसल्यामुळे. दिवसाच्या उजेडातील आणि दिव्याखालचे पांढरे वेगळे, ही मॅक्सवेल यांची नोंदही कॅमेऱ्याला पाळावी लागते; म्हणून प्रकाशाचा प्रकार पाहून तिन्ही आकड्यांचे प्रमाण बदलले जाते. संवेदकावरच्या गाळण्या माणसाच्या डोळ्यातील संवेदनांशी हुबेहूब जुळत नाहीत. त्यामुळे मिळालेल्या तीन आकड्यांना ठरावीक गुणकांनी गुणून आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून डोळ्याला पटतील असे तीन नवे आकडे काढले जातात. भोव्ऱ्याच्या समीकरणांत सुरू झालेला बीजगणिताचा व्यवहार तो हाच.

१८६१ च्या योगायोगाचे प्रतिबिंबही येथे सापडते. सिलिकॉनला तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण चांगले जाणवतात, आणि रंगीत गाळण्या ते पुरते अडवू शकत नाहीत. तसेच सोडून दिले तर पाने फिकट आणि काळे कापड तपकिरी दिसू लागते. म्हणून संवेदकापुढे अवरक्त किरण अडवणारी आणखी एक गाळणी बसवावी लागते. अदृश्य किरणांनी सटन यांच्या चित्राला तारले होते. आजच्या चित्राला ते बिघडवतात. रंग टिपायचा तर डोळ्याला जे दिसत नाही ते यंत्रालाही दिसू देता कामा नये, हा धडा दोन्हींत समान आहे.

रिबिनीच्या प्रात्यक्षिकानंतर मॅक्सवेल यांचे लक्ष विजेकडे आणि चुंबकत्वाकडे वळले होते. १८६२ साली त्यांनी प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि १८६५ साली त्याचा सविस्तर सिद्धांत मांडला. त्याच वर्षी किंग्ज कॉलेज सोडून ते ग्लेनलेअरला परतले. वायूंच्या चिकटपणावरील त्यांच्या प्रयोगांतही कॅथरिन होत्या. खोलीचे तापमान हवे तेवढे राखण्यासाठी त्या शेगडी सांभाळीत. १८७१ साली केंब्रिजने कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभारण्यासाठी मॅक्सवेल यांना बोलावले. १८७४ साली ती सुरू झाली आणि पुढे इलेक्ट्रॉनचा शोध तेथेच लागला.

शेवटची वर्षे कठीण गेली. कॅथरिन यांची प्रकृती खालावली आणि मॅक्सवेल रात्री जागून त्यांची शुश्रूषा करू लागले. त्यांच्या स्वतःच्या पोटात दुखू लागले होते, पण त्यांनी ते बराच काळ कोणाला सांगितले नाही. १८७९ च्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत सांगितली. आईला झालेला आजारच त्यांना झाला होता, आणि वयही जवळपास तेच. अखेरच्या दिवसांत त्यांना चिंता होती ती आपल्यामागे पत्नीचे कसे होईल याची. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, ४८ व्या वर्षी, केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गावातील चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. कॅथरिन सात वर्षांनी गेल्या. त्यांचेही दफन तेथेच झाले. त्यांना मूलबाळ नव्हते.

विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून हेर्ट्झ यांनी मॅक्सवेल यांचा सिद्धांत सिद्ध केला तो १८८७-८८ साली, आणि कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी त्याच लहरींवर सूक्ष्म प्रयोग केले ते १८९४ नंतर. यांपैकी काहीही पाहायला मॅक्सवेल हयात नव्हते. त्यांची वर्णपटाची मापने पुढच्या संशोधकांनी अधिक काटेकोरपणे केली. राइट आणि गिल्ड या दोघांनी अनेक निरीक्षकांच्या डोळ्यांवर घेतलेल्या अशाच जुळणीच्या मापनांवरून १९३१ साली रंगांचे आंतरराष्ट्रीय परिमाण ठरले. दूरचित्रवाणी, छपाई, मोबाइलचा पडदा आणि कॅमेरा आजही त्याच परिमाणाच्या आधारे एकमेकांशी रंगांची भाषा बोलतात. त्या भाषेत प्रत्येक रंगाला तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकड्यामागे कोणा एका माणसाचा डोळा असतो. त्या डोळ्यांच्या यादीत सुरुवातीच्या दोन जागा ॲबरडीनच्या एका बेकार झालेल्या प्राध्यापकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या आहेत.